विश्लेषण : पतीसाठी समाधी, देवीसाठी मंदिर… चंद्रपूरची राणी हिराई कोण होती?

चंद्रपूरच्या अंचलेश्वर दरवाज्याजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतली सर्वांत मोठी, घुमटाची समाधी राजा बीरशहाची. ती बांधली त्याच्या राणीने, हिराईने. महाकालीचे आजचे मंदिरही तिचेच. दर चैत्रात लाखभर पावले ज्या वाटेने जातात, त्या वाटेवरच्या या इमारती एका विधवा राणीने राज्याचा गाडा हाकत असताना उभारल्या, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तिची कहाणी आणि तिच्या इमारतींचा अर्थ…

इमारती ‘वाचायच्या’ म्हणजे काय?

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात गेलेला पर्यटक तिथल्या मोठ्या चर्चमध्ये मान वर करून उभा राहतो. फिलिप्पो ब्रुनेलेस्की या कारागिराने १४२० ते १४३६ या काळात तिथला प्रचंड घुमट उभा केला. पुढे जवळपास दीडशे वर्षांनी, १५७२ मध्ये, ज्योर्ज्यो वसारीने आतून चित्रे काढायला घेतली. दोन वर्षांत तो वारला आणि फेदेरिको झुक्कारीने १५७९ मध्ये काम पुरे केले. विषय अखेरच्या न्यायाचा. वर स्वर्ग, खाली नरक, मधे निवाडा. सोबतचा गाइड एकेक थर उलगडून सांगतो आणि पाहणाऱ्याला त्या काळातली माणसे कशाला भीत होती, कशाची आशा धरत होती, ते कळते.

चंद्रपूरला अशी सोय नाही. इथे गोष्ट एका घुमटात रंगवून ठेवलेली नाही, ती तीन ठिकाणी विखुरली आहे: बीरशहाची समाधी, शेजारचे अचलेश्वराचे मंदिर आणि दरवाज्याबाहेर झरपटकाठचे महाकालीचे मंदिर. तिन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पण बहुतेक जण फक्त महाकालीचे दर्शन घेतात आणि परततात. तिन्ही ठिकाणे एकाच फेरीत पाहिली, तर हिराईचे आयुष्य बऱ्यापैकी समोर येते.

हिराईच्या आधीचे चांदा कसे होते?

चांद्याच्या गोंड राजांची राजधानी आधी सिरपूरला, मग वर्धा नदीकाठी बल्लारपूरला आणि शेवटी चंद्रपूरला आली. राजधानी हलवण्याचे श्रेय परंपरा खांडक्या बल्लाळशहाला देते. त्याच्या अंगावरचे व्रण झरपटीच्या पात्रातल्या पाण्याने बरे झाले, तिथेच अचलेश्वराचे स्थान सापडले, आणि सशाने कुत्र्याचा पाठलाग केलेली जागा पाहून त्याने नगर वसवले, ही कथा चंद्रपूरच्या प्रत्येक घरात सांगितली जाते. या कथेतल्या राणीचे नाव हिरातनी. तिची आणि हिराईची गल्लत नेहमी होते, अगदी भाषणांतही होते. हिरातनी नगर वसवणाऱ्या राजाची राणी. हिराई तिच्यानंतर कितीतरी पिढ्यांनी आली.

मधल्या काळात सुमारे ११ किलोमीटरचा परकोट पिढ्यान्‌पिढ्या बांधला गेला. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या. दरवाज्यांवर हत्तीवर स्वार झालेला सिंह कोरला आहे, ती या घराण्याची खूण. अकबराच्या काळच्या ‘ऐन-ए-अकबरी’त चांद्याच्या राजाची दखल आहे, त्याच्याजवळ एक हजार स्वार आणि ४० हजार पायदळ असल्याचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथात वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचेही नाव येते. वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यात आहे. म्हणजे ज्याला आपण आज जंगलाचा मागास मुलूख म्हणतो, त्याच्याकडे दिल्ली-आग्र्याचे लक्ष होते ते हत्ती, हिरे आणि खंडणीसाठी. १६६७ मध्ये औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चांद्यापर्यंत आला आणि मोठी खंडणी वसूल करून गेला. ही चढाई लक्षात ठेवायला हवी, कारण हिराईच्या राज्यावर जी सावली होती ती हीच.

बीरशहाचा शेवट कसा झाला?

बीरशहा हा कृष्णशहाचा मुलगा. त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि दोन्हींत तलवार आहे.

पहिली गोष्ट देवगडची. बीरशहा आणि हिराई यांची मुलगी देवगडच्या राजघराण्यातल्या दुर्गपालला दिली होती. सासरी तिचा अपमान झाला. बीरशहाने चिडून देवगडकरांवर स्वारी केली. लढाईत बाजू उलटू लागली तेव्हा त्याने महाकालीचा धावा केला, विजय मिळाला तर जावयाचे शिर तुझ्या चरणी वाहीन असा नवस बोलला. तलवार म्यानातून आपोआप उसळली आणि दुर्गपालचे शिर उडाले, असे कथा म्हणते. तलवारीचा चमत्कार बाजूला ठेवला तरी चांदा आणि देवगड या दोन गोंड राज्यांतले वैर खरे होते. देवगडच्या बख्त बुलंदने औरंगजेबाच्या दरबाराशी जुळवून घेतले, इस्लाम स्वीकारला आणि अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला नागपूर वसवले. चांद्याने तो रस्ता धरला नाही.

दुसरी गोष्ट बीरशहाच्या मृत्यूची. त्याच्या पदरी हिरामण नावाचा राजपूत योद्धा होता. त्याच्याजवळ जादूची तलवार असल्याची वदंता होती. राजा त्या तलवारीची करामत पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा आग्रह धरी आणि हिरामण टाळत राही. बीरशहा दुसरे लग्न करायला निघाला, त्या सोहळ्यात हा आग्रह पुन्हा झाला. हिरामणने तलवार उपसली, राजाला ठार केले आणि मग स्वतःलाही संपवले. प्रचलित इतिहासात हे वर्ष १७०४ धरले जाते.

ही कथा चंद्रपुरात सांगताना लोक दुसऱ्या लग्नाचा भाग भरभर उरकतात. कारण उघड आहे. समाधीला प्रेमाचे स्मारक म्हणायचे तर ते लग्न अडचणीचे ठरते. पण ते वगळले तर हिराईची परिस्थितीच कळत नाही. तिला मुलगा नव्हता. वारसासाठी राजाने दुसरे लग्न करणे त्या काळच्या राजघराण्यात नवलाचे नव्हते. नवरा सवत आणायला निघाला आणि वाटेतच मारला गेला. दुसऱ्या दिवशी हिराईसमोर प्रश्न होता तो शोकाचा नव्हे, गादीचा.

मग राज्य कोणाच्या हाती गेले?

हिराईने घराण्याच्या चंदनखेडा शाखेतला रामशहा हा मुलगा दत्तक घेतला. चंदनखेडा हे भद्रावती तालुक्यातले गाव. मुलगा लहान होता, म्हणून कारभार तिने हाती घेतला. १७०४ ते १७१९ हा तिचा काळ मानला जातो.

ही वर्षे महाराष्ट्राच्या इतिहासात कोणती होती, ते पाहिले की तिच्या कामाचा अंदाज येतो. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले आणि महाराणी ताराबाईंनी लहान मुलाच्या नावाने मराठ्यांचे राज्य चालवायला घेतले. म्हणजे १७०४ ते १७०७ या काळात सह्याद्रीत एक विधवा राणी औरंगजेबाशी लढत होती आणि वैनगंगा-वर्धेच्या खोऱ्यात दुसरी विधवा राणी त्याच साम्राज्याच्या काठावर आपले राज्य सावरत होती. गोंडांमध्येही हे पहिल्यांदा घडत नव्हते. दीडशे वर्षांपूर्वी गढ्याच्या राणी दुर्गावतीने पती दलपतशहाच्या मृत्यूनंतर लहान वीरनारायणाच्या नावाने राज्य केले आणि १५६४ मध्ये मुघल फौजेशी लढताना प्राण दिला. दुर्गावतीच्या नावाने विद्यापीठ आहे, टपाल तिकीट आहे. हिराई मात्र लढाईत मेली नाही. तिने पंधरा वर्षे राज्य शाबूत ठेवले आणि मुलगा मोठा झाल्यावर त्याच्या हाती दिले. आपल्याकडे अशा राण्यांवर पोवाडे होत नाहीत.

१७०७ मध्ये औरंगजेब अहिल्यानगरजवळ मेला. दक्खनमधला मुघलांचा दाब सैल झाला, पण त्याबरोबर नवे दावेदारही पुढे सरसावले. अशा धामधुमीत राजधानी लुटली गेली नाही आणि दत्तक वारसाची गादी टिकली, एवढ्यावरून राणीच्या कारभाराची जात ओळखता येते.

समाधी बांधण्यामागे काय हेतू असावा?

दत्तक वारसाचा हक्क नेहमी कच्चा मानला जातो. भाऊबंद टपलेले असतात. अशा वेळी मेलेल्या राजाचे भव्य स्मारक बांधणे हे दुःख तर असतेच, पण जाहीरनामाही असतो. बीरशहा हा कायदेशीर राजा होता, त्याची गादी अखंड आहे आणि त्या गादीवर बसलेला मुलगा त्याचाच आहे, असे ती इमारत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. दिल्लीतला हुमायूनचा मकबरा असाच १५६० च्या दशकात उभा राहिला. तो बांधवून घेण्याचे श्रेय त्याची विधवा हाजी बेगम हिला दिले जाते. तेव्हा मुलगा अकबर तरुण होता आणि मुघलांची गादी अजून पक्की झाली नव्हती.

यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पत्नीने पतीसाठी बांधलेली ही देशातली एकमेव वास्तू, असे चंद्रपुरात अभिमानाने सांगितले जाते. ते खरे नाही. हुमायूनचा मकबरा आहेच. गुजरातेत पाटणची राणीची वाव राणी उदयमतीने पती भीमदेवासाठी बांधली, असे परंपरा सांगते. ताजमहालाशी तुलना केली की आपले मोठे दिसते, असे वाटते खरे, पण शाहजहानजवळ अख्ख्या हिंदुस्थानचा खजिना होता. हिराईजवळ खंडणी भरून उरलेला एका जंगल मुलखाचा महसूल होता. तुलना करायचीच तर पैशाच्या अंगाने करावी, मग चंद्रपूरचे पारडे हलके राहत नाही.

गोंड राजाच्या समाधीवर घुमट का?

समाधी पाहणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो. चौकोनी दगडी बांधणी, कमानी, वर घुमट. दिसायला ही एखाद्या मुसलमान सरदाराची कबर वाटते. मग गोंड राजा इथे कसा?

याचे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग पुरण्याचा. गोंड समाजात मृताला जमिनीत पुरण्याची आणि त्याच्या नावाने दगड उभारण्याची परंपरा जुनी आहे. गडचिरोलीत भामरागड, एटापल्लीच्या बाजूला गेलात तर माडिया गावांच्या शिवेवर ओळीने उभे केलेले स्मृतिदगड आजही दिसतात. माणसाच्या मानाप्रमाणे दगडाची उंची. राजा मेला तर त्याचा दगड केवढा असायला हवा? बल्लारपूरला खांडक्या बल्लाळशहाची समाधी आहे, चंद्रपूरला एकाच आवारात घराण्यातल्या अनेकांच्या समाध्या आहेत. म्हणजे जागेवर खूण उभारण्याची रीत हिराईने कोणाकडून उसनी आणली नाही, ती घरातलीच होती.

दुसरा भाग आकाराचा, आणि तो मात्र बाहेरून आला. सतराव्या शतकापर्यंत दक्खनमध्ये राजाच्या स्मारकाची भाषा म्हणजे घुमट, हे ठरून गेले होते. विजापूरला मुहम्मद आदिलशहाचा गोल घुमट १६५६ च्या सुमारास झाला होता. गोवळकोंड्याला कुतुबशहांच्या थडग्यांची रांग होती, आणि चांद्याचा दक्षिणेकडचा सगळा व्यवहार गोवळकोंड्याच्या मुलखाशी होता. वऱ्हाडात मुघल सुभा होता. या सगळीकडे फिरलेले गवंडी, पाथरवट कामाच्या शोधात जिथे राजा बांधकाम काढील तिथे जात. राजेही एकमेकांच्या इमारती पाहून आपल्या बांधत. राजस्थानच्या छत्र्या, बुंदेल्यांच्या ओरछातल्या छत्र्या, पुढे मराठा सरदारांच्या छत्र्या, सगळ्यांनी घुमट आणि कमान घेतली. तो धर्म बदलल्याचा पुरावा नव्हता. आज प्रत्येक गावात सरकारी इमारत सिमेंटचीच होते, तसे ते होते.

घुमट बांधणे मात्र सोपे नाही. खाली खोली चौकोनी असते आणि वर गोल बसवायचा असतो. अशा इमारतींत चारही कोपऱ्यांवर आडव्या कमानी टाकून चौकोनाचा आधी अष्टकोन करतात, मग त्यावर वर्तुळ येते. घुमटाचे वजन खाली येता येता भिंतींना बाहेर ढकलते, म्हणून भिंती जाडजूड लागतात. ब्रुनेलेस्कीने फ्लॉरेन्सला हीच ढकल सांभाळण्यासाठी दोन पापुद्र्यांचा घुमट केला आणि त्यात दगड-लाकडाच्या साखळ्या गुंफल्या. चांद्याच्या गवंड्यांना एवढा मोठा घेर झाकायचा नव्हता. वाळूचा दगड इथलाच, चुना इथलाच. तीनशे पावसाळे काढलेली इमारत उभी आहे, यावरून त्यांचे गणित चुकले नव्हते.

शेजारच्या अचलेश्वराच्या भिंती काय सांगतात?

समाधीच्या आवाराला लागूनच अचलेश्वराचे देऊळ आहे. मूळ स्थान खांडक्याच्या कथेतले, आजची घडण हिराईच्या काळाशी जोडली जाते. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर दगडी चौकटींत असंख्य शिल्पे बसवली आहेत. देव-देवता आहेत, प्राणी आहेत, माणसे आहेत. मार्कंडादेवच्या शिल्पांशी यांची तुलना करू नये. वैनगंगेकाठचे मार्कंडा हे कित्येक शतके आधीचे, अतिशय घोटीव काम. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या दौऱ्यात भांदक आणि मार्कंडा पाहिले तेव्हा त्यांना खजुराहोची आठवण झाली, ती उगाच नव्हे. अचलेश्वराची शिल्पे उथळ आणि साधी आहेत, पण मोकळी आहेत. एकेका चौकटीसमोर थांबून पाहिले तर मुलांनाही गोष्टी ओळखता येतात.

शिव मंदिर आणि राजाची समाधी शेजारी शेजारी, ही मांडणीच बोलकी आहे. ज्या देवाने घराण्याच्या मूळपुरुषाला बरे केले, त्याच्या दारात घराण्याचे पुरुष निजले आहेत. हिराईने नवऱ्याला तिथे जागा दिली आणि गोष्टीचे पहिले पान शेवटच्या पानाला जोडले.

महाकालीच्या शिखरावरचे डोके कोणाचे?

अंचलेश्वर दरवाज्यातून बाहेर पडले की काही अंतरावर महाकालीचे मंदिर आहे. भुयारातल्या देवीचे ठाणे जुने, आजचे मोठे मंदिर हिराईचे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला नांदेड, परभणी, हिंगोलीकडून आणि तेलंगणातून भाविक येतात. पोतराज, हलगी, झरपटीतली आंघोळ. या गर्दीत शिखराकडे निरखून पाहणारा विरळा.

शिखरावर दगडात घडवलेले एक मस्तक आहे. ते दुर्गपालचे, आणि त्याचे तोंड देवगडच्या दिशेला आहे, असे सांगतात. १८६९ च्या जमाबंदी अहवालात मेजर लुसी स्मिथ यांनी चांद्याच्या राजांच्या कथा गोळा करून ठेवल्या, त्यांत ही कथा आली आहे. नवस नवऱ्याचा, फेडला त्याच्या विधवेने.

इथे जरा थांबायला हवे. मस्तक शत्रूचे आहे, तसेच जावयाचेही आहे. ज्या मुलीच्या अपमानासाठी लढाई झाली, तीच त्या लढाईत विधवा झाली. हिराईने समाधी बांधताना स्वतःच्या वैधव्याला दगडात आकार दिला आणि मंदिर बांधताना मुलीच्या वैधव्याला विजयचिन्ह म्हणून शिखरावर चढवले. राणी म्हणून तिला ते करणे भाग होते. देवगडला इशारा द्यायचा होता, प्रजेला देवीचे पाठबळ दाखवायचे होते. आई म्हणून तिला काय वाटले असेल, याची नोंद कोणत्याही अहवालात सापडणार नाही. फ्लॉरेन्सच्या घुमटात नरक वेगळा आणि स्वर्ग वेगळा रंगवला आहे. इथे दोन्ही एकाच दगडात आहेत.

हिराईनंतर काय झाले?

रामशहाने दीर्घकाळ राज्य केले. तो साधुवृत्तीचा होता आणि चांद्यावर डोळा ठेवून आलेले रघूजी भोसले त्याला पाहून आदराने परत गेले, अशी कथा आहे. त्याच्यानंतरच्या नीलकंठशहाला तेवढा मान मिळाला नाही. १७५१ मध्ये रघूजींनी चांदा घेतले आणि गोंडांचे राज्य संपले. नीलकंठशहाला बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. पुढे शंभर वर्षांनी नागपूरचे राज्यच इंग्रजांनी खालसा केले. १९६४ मध्ये चांद्याचे नाव पुन्हा चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि हिराईचे राज्य दोन जिल्ह्यांच्या नकाशांत वाटले गेले.

आज या वास्तूंची स्थिती काय?

समाध्या, अचलेश्वर आणि महाकाली मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणात आहेत. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरसाठी परवानगी लागते. जुन्या चंद्रपुरात परकोट, दरवाजे, समाध्या सगळे वस्तीत मिसळलेले आहे. त्यामुळे घराची पडवी वाढवायची तरी कागदपत्रे घेऊन फिरावे लागते, ही तिथल्या रहिवाशांची तक्रार खोटी नाही. दुसरीकडे, काही वर्षांपूर्वी स्थानिक तरुणांनी परकोटावरची झाडेझुडपे हाताने काढली तेव्हा कित्येक चंद्रपूरकरांनी आपल्या शहराची तटबंदी पहिल्यांदा सलग पाहिली.

पाहायला जायचे तर कसे?

सकाळी लवकर निघावे. उन्हाळ्यात नऊनंतर चंद्रपूरचा दगड तापतो. आधी अंचलेश्वर दरवाजा, त्यावरचा सिंह आणि हत्ती. मग समाधीचे आवार, तिथे घुमटाखाली उभे राहून कोपऱ्यांकडे पाहावे, चौकोनाचा गोल कसा होतो ते कळते. मग अचलेश्वराला बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा. शेवटी महाकाली. दर्शन झाल्यावर मागे सरकून शिखर दिसेल अशा जागी उभे राहावे. देवगड तिथून वायव्येला, आजच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे.